साडेबारा हजारांचा फरक

हळदीच्या आडत दुकानात काम करणाऱ्याच्या खिशातली नोटसुद्धा पिवळी होते. सांगलीत हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. वसंतदादा मार्केट यार्डात एका दुकानात मी सहा वर्षं दिवाणजी होतो. दिवाणजी म्हटलं की टोपी, चष्मा आणि कानावर पेन्सिल ठेवलेला म्हातारा डोळ्यांपुढं येतो. मी लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. पण गादीवर बसून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, लिहायला लागलं की बापाच्या वयाचा शेतकरीसुद्धा ‘दिवाणजी, जरा बघा की, हमाली किती धरलीय’ असं म्हणतो. ते ऐकायला बरं वाटायचं.

त्याच दुकानातल्या लोखंडी कपाटातून डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ या दोन महिन्यांत मी नऊ वेळा पैसे काढले. एकूण ६१,५०० रुपये. फिर्यादीत आकडा आहे ७४,०००. मधले साडेबारा हजार मला पुढं जवळजवळ दोन वर्षं पुरले.

कशासाठी काढले ते सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा आजारपण नाहीतर बहिणीचं लग्न शोधत बसेल. मोबाइलवरची रमी. बास. पहिल्यांदा १,५०० काढले आणि दोन दिवसांनी परत ठेवले, म्हणून ते मी नऊमध्ये धरतच नाही. (कायदा धरतो. वकील मॅडमनी नंतर सांगितलं की परत ठेवल्यानं चोरी पुसली जात नाही.) कपाटात हमाली, गाडीभाडं, किरकोळ उचल यांची रोकड असायची. किल्ली गादीखाली. शेठ आठवड्यातून एकदा स्वतःच्या खिशातल्या डायरीवरून ती मोजायचे, तीही घाईत.

जानेवारीत नव्या हळदीचे सौदे सुरू झाले, रोकड जास्त फिरायला लागली आणि शेठ रोज मोजायला लागले. २३ तारखेला, सोमवारी, संध्याकाळी त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, ‘उद्या येऊ नको.’ मी घरी हरिपूरला आलो, जेवलो, आणि मला वाटलं की विषय एवढ्यावरच मिटला. दुसऱ्या दिवशी चार वाजता दोन पोलीस दारात.

पोलीस ठाण्यात मी पहिल्याच प्रश्नाला ‘हो, मी घेतले’ म्हणालो. हवालदार जरा नाराज झाल्यासारखे वाटले. त्यांनी बहुतेक वेगळी तयारी ठेवली होती. मग मी म्हणालो, ‘साहेब, त्यातले एकोणीस हजार घरात आहेत. पुढच्या सोमवारी परत ठेवणार होतो.’ त्यांनी मान वर न करता लिहिता लिहिता सांगितलं, ‘सगळे सोमवारीच ठेवणार असतात.’

आणि मग मी म्हणालो, ‘पण चौऱ्याहत्तर नाहीत. साडेएकसष्ट आहेत.’ यावर मात्र त्यांनी मान वर केली. ‘हिशेब शेठला सांग.’

फिर्याद मला वाचून दाखवली. ती भाषा कुठल्या जमान्यातली आहे कुणास ठाऊक. माझ्या नावापुढं लिहिलं होतं की याने फिर्यादीचे संमतीवाचून, मुद्दाम लबाडीचे इराद्याने, स्वतःचे फायद्याकरिता चोरून नेले. ‘लबाडीचे इराद्याने’ हे शब्द ऐकून मला हसूच येणार होतं, कारण शाळेत लबाड म्हणजे कोल्हा. मग लक्षात आलं की हवालदार माझ्याकडं बघतायत.

दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. विजयनगरला नवं कोर्ट झालंय, मोठं; त्याच्या समोरून रोज मिरजेला जाताना मी कधी आत काय असतं याचा विचार केला नव्हता. माझ्याकडं वकील नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, ‘वकील आहेत का?’ मी नाही म्हटल्यावर विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतल्या एक मॅडम उठल्या. माझ्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे मला तिथं कळलं. नातेवाईक नंतर म्हणाले, ‘फुकटचा वकील काय कामाचा?’ त्या मॅडम शेवटपर्यंत राहिल्या आणि एकही तारीख चुकवली नाही. पैसे घेणारे वकील तारखेला न आल्यामुळं बाकावर वाट बघत बसलेले आरोपी मी त्या दोन वर्षांत भरपूर बघितले.

भारतीय दंड संहितेचं कलम ३८१ लावलं होतं, नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या मालाची केलेली चोरी. साध्या चोरीला, ३७९ ला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा; नोकराला सात वर्षांपर्यंत. मॅडमनी सांगितलं की शेठनी पैसे विश्वासानं माझ्या हवाली केले असते आणि मी ते खाल्ले असते, तर तो अपहार, ४०८ झाला असता. कपाट शेठचं, रोकड शेठची, म्हणून चोरी. गादीखालच्या एका किल्लीवरून माझं कलम ठरलं होतं. मॅडमनी असाही मुद्दा मांडला की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, नोटीस द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. पोलीस म्हणाले, रक्कम हस्तगत करायची आहे. २७ तारखेपर्यंत पोलीस कोठडी मिळाली.

त्या संध्याकाळी मला घेऊन हरिपूरला आले. आधी ठाण्यात माझं निवेदन लिहून घेतलं, ‘मी लपवून ठेवलेली रक्कम काढून देतो’, त्यावर दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणजे कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला आणि एक मुलगा जो स्वतःच्या चोरीला गेलेल्या गाडीची तक्रार द्यायला आला होता. तो बिचारा सारखा घड्याळ बघत होता. माळ्यावर जुन्या मिक्सरचा खोका होता, त्यात पैसे. स्टुलावर चढून मीच काढले. ओट्यावर पेपर पसरून साहेबांनी नोटा मोजल्या, पाचशेच्या अडतीस. नंबर लिहिले. पाकिटात घातल्या, मेणबत्तीवर लाख वितळवून पाकिटावर सोडली, वर ठसा उमटवला. लाखेचा एक थेंब ओट्यावर पडला. आई तोवर दाराच्या चौकटीला धरून उभी होती, काही बोलली नव्हती. तो थेंब पडल्यावर पुढं आली आणि पदरानं पुसायला लागली. गरम होता. साहेब म्हणाले, ‘मावशी, राहू द्या.’ ती पुसतच राहिली. तो डाग अजून आहे.

२६ जानेवारीला मी लॉकअपमध्ये होतो. सकाळी बाहेर झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर आतले आम्ही तिघंही उठून उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कालचेच हवालदार कागदाच्या पुडीतून जिलेबी घेऊन आले. गजातून आत दिली. आम्ही खाल्ली. हात पुसायला काही नव्हतं, दिवसभर बोटं चिकट होती.

२७ ला न्यायालयीन कोठडी झाली आणि मी राजवाड्याजवळच्या तुरुंगात गेलो. सांगलीचा तुरुंग म्हणजे शाळेत शिकवलेला तुरुंग. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार इथूनच तट ओलांडून खंदकात उड्या टाकून निसटले होते. आमच्या मास्तरांनी तो प्रसंग हातवारे करून सांगितला होता. दादांच्या नावाच्या यार्डात चोरी करून दादांनी फोडलेल्या तुरुंगात येऊन पडलो, हे मी शेजारच्या कच्च्या कैद्याला सांगितलं. तो जतचा होता. म्हणाला, ‘त्यांच्या नावाचा साखर कारखाना बी हाय. तिथनं उसाची मोळी उचल, म्हंजे सगळं पुरं हुईल.’

३० तारखेला जामीन झाला, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. झाला म्हणजे लगेच सुटलो नाही. जामीनदार म्हणून मामा उभा राहिला, त्याचा सातबारा ऑनलाइन काढलेला होता, तलाठ्याच्या सहीचा पाहिजे म्हणाले. तलाठी दोन दिवस मिटिंगला. मग सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघाला, म्हणून दुसऱ्या गटाचा उतारा. २ फेब्रुवारीला संध्याकाळी मी बाहेर आलो. मामा मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत एक शब्द बोलला नाही, फक्त हरिपूरच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, ‘सातबारा पहिल्यांदा कोर्टात गेला आपला.’ मामाच्या घरात चार पिढ्यांत बांधावरून भांडण नाही. मला त्या वाक्यानं जेवढं लागलं तेवढं लॉकअपनं लागलं नव्हतं.

जामिनाच्या अर्जात ‘आरोपी हा घरातील एकमेव कमावता असून त्याचे आईचे आजारपणामुळे’ असं काहीतरी होतं. आई ठणठणीत. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, ‘मसुदा जुना होता, राहून गेलं, सॉरी.’ मी सही केलेली होती.

इथून पुढचा काळ तारखांचा. साठ दिवसांच्या आत दोषारोपपत्र आलं. शेठना मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर परत मिळाला, एकोणीस हजार. मी कुपवाडजवळ एका शीतगृहात लागलो, बेदाण्याच्या पेट्या मोजून नोंदवायच्या. मालकाला आधीच सांगितलं की माझ्यावर केस आहे आणि पैशाला हात लावायचं काम नको. ते म्हणाले, ‘बेदाणा खाल्लास तर चालेल, पेटी न्यायची नाही.’

ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोप ठेवले. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे का?’ मॅडमनी आधी बजावलं होतं, ‘नाही म्हणायचं.’ मामानं बजावलं होतं, आईनं बजावलं होतं. मी ‘नाही’ म्हणालो. पोलिसांपुढं मी सात वेळा ‘हो’ म्हणालो होतो; त्याला पुराव्यात काडीची किंमत नाही, पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. ज्या एका ठिकाणी ‘हो’ला किंमत होती तिथं मी ‘नाही’ म्हणून आलो.

बाहेर बाकावर मॅडमनी समजावलं, आणि हा मुद्दा खरंच हुशारीचा होता. मिक्सरच्या खोक्यातल्या त्या अडतीस नोटा शेठनी ‘आमच्याच’ म्हणून ओळखल्या होत्या, कारण काय तर ‘आमच्या नोटा हळदीनं पिवळ्या असतात’. पण त्या नोटा कपाटातल्या नव्हत्याच. कपाटातल्या मी मशीनमध्ये खात्यावर भरल्या होत्या आणि खेळात घालवल्या होत्या. मग एकदा खेळात बावीस हजार जिंकलो, त्यातले एकोणीस मी एटीएममधून दोनदा करून काढले, परत ठेवायला. बँकेच्या पासबुकात तारीख, वेळ सगळं होतं. कोऱ्या करकरीत, पांढऱ्या स्वच्छ नोटा. पंचनाम्यात पिवळेपणाचा उल्लेख नाही. मॅडम म्हणाल्या, ‘जप्त माल चोरीचा नाही हे मी दहा मिनिटांत दाखवते. कॅमेरा नाही. घेताना बघणारं कुणी नाही. रकमेचा आधार काय, तर खिशातली डायरी. तुम्ही सुटाल.’

मी म्हणालो, ‘पण घेतलेत.’

‘ते तुम्हाला कुणी विचारलंय?’

त्यांची चूक नव्हती. त्यांचं काम त्या करत होत्या, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची हेही बरोबर. पण शेठ साक्षीला येणार, पिंजऱ्यात उभं राहणार, आणि मॅडम त्यांना विचारणार, ‘तुम्ही कधी पिवळी नसलेली नोट बघितली आहे का?’ सगळे हसणार. माझ्या डोक्यात ते चित्र बसलं. ज्या माणसानं मला कीर्द लिहायला शिकवली, त्याला मी खोटा पाडणार, तेही खऱ्या मुद्द्यावर.

मग सरळ कबूल का करत नव्हतो? साडेबारा हजार. कबूल करायचं तर आरोपात लिहिलंय ते कबूल करायचं, आणि आरोपात ७४,०००. माझे ते साडेएकसष्ट मी एकेक करून सांगू शकत होतो, तारखेसकट. बाकीचे कुणी घेतले, की शेठच्या डायरीत चुकले, की एखाद्या गाडीवाल्याला दिलेले लिहायचे राहिले? मला ठाऊक नाही. पण चोरानं ‘तेवढे मी नाही घेतले’ म्हणायचं म्हणजे ऐकणाऱ्याला विनोदच वाटतो. मामासुद्धा म्हणाला, ‘आता साठ काय आणि सत्तर काय.’ मला फरक पडत होता. माझ्याकडं आता स्वतःचं असं एवढंच उरलं होतं, बरोबर आकडा.

वडील हरिपूरच्या हळदीच्या पेवांत काम करायचे. जमिनीखालच्या त्या खोल पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं बहुतेक पेवं गेली आणि वडिलांचं कामही गेलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर खाली हवा नाही, असं ते सांगायचे. मी वर्षभर काठावरच उभा होतो.

साक्षीच्या तीन तारखा नुसत्या गेल्या. एकदा शेठ आले नाहीत, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा कोर्टाला वेळ नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. आज हेच केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ लागेल. माझा गुन्हा आधीचा म्हणून जुनंच कलम. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली साधी चोरी पहिल्यांदाच केली असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत दिली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. मी मॅडमना विचारलं, माझे पहिले दीड हजारच होते. त्या म्हणाल्या, ‘तेव्हाच पकडायला पाहिजे होतं तुम्हाला.’ थट्टेत म्हणाल्या, पण मी तो विचार पुष्कळ वेळा केलाय.

सप्टेंबरमध्ये मी त्यांना सांगितलं, अर्ज द्या, मला कबूल करायचंय. माझ्या शब्दांत. त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, ‘मग परिविक्षा मागू.’ १९५८ चा परिविक्षा कायदा. पहिलाच गुन्हा असेल तर ३७९, ३८०, ३८१ यांत न्यायालय कलम ३ खाली नुसती समज देऊनही सोडू शकतं. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेऊन. हक्क नाही, न्यायाधीशांना वाटलं तर. नाही वाटलं तर कबुली दिलेली, शिक्षा समोर. ‘विचार करा,’ त्या म्हणाल्या. तो करून झाला होता.

त्या दिवशी मी आरोपीच्या जागी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘साहेब, मी कपाटातनं नऊ वेळा पैसे घेतले. एकसष्ट हजार पाचशे. चौऱ्याहत्तर नाहीत.’ सरकारी वकिलांनी उसासा सोडला. न्यायाधीशांनी पेन ठेवलं आणि विचारलं, ‘कसं सांगता?’ मी नऊच्या नऊ आकडे सांगितले. सात तारखा पाठ होत्या, दोन अंदाजे. त्यांनी टंकलेखकाला जसंच्या तसं सांगितलं. मग मला विचारलं, कुणाच्या दबावाखाली सांगताय का, शिक्षा होऊ शकते हे माहीत आहे का. हो म्हणालो. गंमत म्हणजे रकमेनं कलम बदलतच नव्हतं. ३८१ ला दहा रुपये काय आणि लाख काय. वर्षभर जे डोक्यावर घेऊन फिरलो ते दोन ओळींत टाइप झालं.

परिविक्षा अधिकारी हरिपूरला आल्या. आईशी बोलल्या, शीतगृहात जाऊन आल्या, शेजारच्या काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, ‘पोरगं गुणी आहे हो. चोरी केली तेवढीच.’ अहवालात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. सरकारी वकिलांनी विरोध केला, विश्वासाच्या जागी केलेली चोरी म्हणून, आणि ते खोटं नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये आदेश झाला: एका वर्षाचं चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र, जामीनदारासह, आणि फिर्यादीला ४२,५०० रुपये भरपाई. मामानं पुन्हा सातबारा काढला. या वेळी तलाठी जागेवर होते.

४२,५०० म्हणजे साडेएकसष्टातून परत गेलेले एकोणीस वजा. मी घरी येऊन पाटीवर करून बघितलं.

पैसे तीन हप्त्यांत कोर्टात भरले, पावत्या आईनं देवघरातल्या डब्यात ठेवल्यात. गेल्या डिसेंबरात वर्ष संपलं. याच कायद्याच्या कलम १२ मुळं या दोषसिद्धीनं अपात्रता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. पण एका कंपनीच्या फॉर्मवर ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा रकाना होता. तिथं मी ‘हो’ लिहिलं, फोन आला नाही. बेदाण्याच्या पेट्या चालू आहेत.

परवा शीतगृहाच्या कामानं यार्डात जावं लागलं. नव्या हळदीचे ढीग पडले होते, नाकात ती धूळ गेल्यावर मला शिंक आली. शेठ दारातच उभे होते. चुकवायला जागा नव्हती. मी नमस्कार केला. त्यांनी आत बघून ‘एक चहा जादा सांग रे’ म्हटलं. गादीवर नवा मुलगा होता, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. वर कोपऱ्यात कॅमेरा. मी बाहेरच्या पोत्यावर टेकलो. चहा आला. शेठनी अर्धा बशीत ओतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘ते साडेबारा हजार…’

तेवढ्यात एक शेतकरी पट्टी नाचवत आला. हमाली जास्त लावलीय म्हणून त्याचा आवाज चढला होता. शेठ उठून आत गेले. मी चहा संपवला, थोडा वेळ थांबलो. भांडण काही मिटेना. शीतगृहाची गाडी भरून झाली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.